जन्मदाखल्यातला रिकामा रकाना आणि चिऊची शाळा

घरात दोन-अडीच वर्षांचं मूल असेल तर आधी एक काम करा. कपाटातून त्याचा जन्मदाखला काढा आणि त्यावर मुलाचं नाव आहे का ते बघा. आई-वडिलांचं नाही, मुलाचं. आमच्या दाखल्यावर ते नव्हतं, आणि त्या एका रिकाम्या रकान्यापायी माझे साडेसहा आठवडे गेले. शाळा निवडायला चार दिवस पुरले होते. त्या साडेसहा आठवड्यांचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

चिऊ, म्हणजे आमची मुलगी शर्वरी, २० नोव्हेंबर २०२३ ची. बाळंतपण माहेरी झालं. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत व्हावी लागते, ती दवाखान्याने वेळेत केली. बारसं मात्र आम्ही साताऱ्यात आल्यावर केलं, सव्वा महिन्याने. म्हणजे नोंद झाली तेव्हा बाळाचं नाव ठरलेलंच नव्हतं. माझ्या भावाने दाखला आणून दिला, त्यात नावाच्या जागी एक आडवी रेघ होती. मी तो फोल्डरमध्ये ठेवला आणि बाळाच्या धबडग्यात विसरून गेले. नोंदणीपासून वर्षभरात नाव घातलं तर काही पैसे पडत नाहीत. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. हे मला दवाखान्यात कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तरी चाललं असतं.

डिसेंबरात आम्ही शाळा बघायला लागलो. दोनच डोळ्यांसमोर होत्या. एक नाक्याच्या पलीकडची इंग्रजी माध्यमाची: वर्षाला बेचाळीस हजार, घरापासून व्हॅन, व्हॅनमध्ये मावशी, प्रत्येक वर्गात कॅमेरा. दुसरी पेठेतल्या जुन्या वाड्यातलं बालमंदिर: वर्षाला नऊ हजार, व्हॅन नाही, कॅमेरा नाही, आणि दारात चार दगडी पायऱ्या. ह्यांचा कल पहिलीकडे होता, आणि त्याला कारण होतं. एमआयडीसीत नोकरी लागताना इंग्रजीपायी ह्यांना फार ऐकून घ्यावं लागलं होतं, ते मुलीच्या वाट्याला नको असं त्यांना वाटत होतं. मलाही पहिलीच आवडली होती. स्वच्छ होती, आणि आम्हाला शाळा दाखवणाऱ्या मॅडम नीट बोलल्या.

त्यांची अट एकच होती. १० फेब्रुवारीपर्यंत सगळे कागद पूर्ण हवेत, अपुऱ्या कागदांवर जागा धरून ठेवणार नाही. मी दाखला पुढे केला. मॅडमनी तो बघितला आणि म्हणाल्या, "यावर मुलीचं नावच नाहीये."

मी लसीकरणाचं कार्ड दाखवलं. माझ्या जावेच्या मुलाचं पाच वर्षांपूर्वी त्याच्यावर भागलं होतं. पण आता भागत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा बदलला. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. चिऊ त्या तारखेनंतर पन्नास दिवसांनी जन्मली. म्हणजे शाळेचं चुकलं नव्हतं, हे मी मान्य करते.

नाव घालायचं तर जिथे जन्म नोंदवला त्याच कार्यालयात जावं लागतं. म्हणजे माझ्या माहेरच्या गावी. साताऱ्याहून सकाळची सव्वासातची एसटी, बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून बरं, आणि पोचायला साडेनऊ. कार्यालय पावणेदहाला उघडायचं, जन्म-मृत्यूची खिडकी साडेदहाला.

पहिल्या फेरीत खिडकीवरच्या बाईंनी दवाखान्याचं पत्र मागितलं. दुसऱ्या फेरीत ते घेऊन गेले, तर म्हणाल्या, वडिलांची सही इथे समोर लागेल, आणि नावाचं प्रतिज्ञापत्रही. पहिल्या फेरीलाच ही यादी एका कागदावर लिहून द्यायला काय हरकत होती? मी विचारलं तसं. "सगळ्यांचं वेगवेगळं असतं ताई," एवढंच उत्तर मिळालं.

प्रतिज्ञापत्राचं आत्ताच सांगते, नाहीतर राहून जाईल. बाहेरच्या मुद्रांक विक्रेत्याने मला पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावला. शंभरचा २०२४ च्या ऑक्टोबरपासून बंद झालाय हे खरं, पण सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. मला ते नंतर आमच्या शेजारच्या वकीलकाकांनी सांगितलं, तोवर पाचशे गेले होते. तुम्ही देऊ नका.

तिसऱ्या फेरीला ह्यांनी रजा टाकली आणि आम्ही दोघंही गेलो. रांगेत माझ्या पुढे पंचविशीचा एक मुलगा होता. वडिलांच्या मृत्यूचा दाखला घ्यायला आलेला. डोक्यावर केसांचे खुंट नुकते उगवत होते, हातात पिशवी, आणि पिशवीत बँकेची पासबुकं. त्याला दहा प्रती हव्या होत्या. बाई म्हणाल्या, "दहा कशाला?" तो म्हणाला, "सगळीकडं मागत्यात." एकाच खिडकीवर कुणी नाव घालायला येतं आणि कुणी नाव काढायला. तो तिथे अर्धा तास उभा राहिला आणि प्रिंटरमधला कागद संपला म्हणून त्याला दुपारी यायला सांगितलं. त्याच्याकडे बघून मला माझ्या रागाची लाज वाटली नाही. उलट राग वाढला.

आमची पाळी आली. बाईंनी एकेक कागद उलटला. दवाखान्याचं पत्र, दोघांची आधारकार्डं, लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र. आता झालंच असं मला वाटलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मुलीचं आधार कुठाय?"

"ते नाही काढलेलं."

"मग नाव कशावरनं घालायचं? आधी आधार काढून आणा."

साताऱ्यात परत येऊन दुसऱ्या दिवशी आधार केंद्रात गेले. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचं निळं आधार निघतं, बोटांचे ठसे लागत नाहीत, काम सोपं आहे. तिथल्या मुलाने दाखला हातात घेतला आणि परत दिला. "नावाचा दाखला आणा मॅडम. ऑक्टोबर तेवीसनंतरच्या मुलांना दुसरं काही चालत नाही."

म्हणजे आधारसाठी दाखला आणि दाखल्यासाठी आधार. मी त्या केंद्राच्या पायरीवर बसले. चिऊ माझ्या ओढणीचं टोक तोंडात घालून चघळत होती. तेव्हा जानेवारीचे तीन आठवडे संपले होते.

घरी आल्यावर रडले, ते आबांनी बघितलं. माझे सासरे. तीस वर्षं शिक्षकी केली, सगळी रयतमध्ये. ते समजूत घालत बसले नाहीत. म्हणाले, "राजवाड्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला एका पोराचं नाव घातलं. रजिस्टरला १९१४ नंबरवर आजपण आहे, भिवा रामजी आंबेडकर. नाव कागदावर लागावंच लागतं. आणि कायदा काय म्हणतो ते तू वाचलंस का?"

नव्हता वाचला. त्या रात्री वाचला. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९, कलम १४. नावाशिवाय जन्म नोंदला गेला असेल तर आई-वडिलांनी किंवा पालकाने मुलाचं नाव निबंधकाला तोंडी किंवा लेखी कळवायचं आणि निबंधकाने ते नोंदवहीत घालायचं. तोंडीसुद्धा चालतं! मुलाच्या आधारचा त्यात कुठेही उल्लेख नाही.

चौथ्या फेरीला मी खिडकीवर गेलेच नाही. अर्ज घरूनच लिहून नेला होता. वर कलमाचा उल्लेख, खाली एकच विनंती: मुलीचे नाव नोंदवावे, आणि नोंदवता येत नसल्यास कोणत्या नियमाने ते लेखी कळवावे. दोन प्रती केल्या. आवक-जावकच्या टेबलावर दिल्या. तो माणूस म्हणाला, "ठेवा इथं, शिक्का नंतर मारतो." मी म्हटलं, "दादा, माझ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि आजची तारीख घातल्याशिवाय मी इथून हलणार नाही." आवाज चढवला नाही. तिथेच बाकावर बसून राहिले. भिंतीवर लोकसेवा हक्क कायद्याचा फलक होता. २०१५ च्या त्या कायद्याने प्रत्येक कार्यालयाला कोणती सेवा किती दिवसांत देणार आणि अपील कुणाकडे करायचं ते लावावं लागतं. त्यावरचा अपील अधिकाऱ्याचा हुद्दा मी वहीत उतरवून घेतला, त्यांना दिसेल असा.

वीस मिनिटांनी शिक्का पडला. आणखी अर्ध्या तासाने साहेबांनी आत बोलावलं. त्यांनी अर्ज वाचला, बाईंना हाक मारली आणि म्हणाले, "घालून टाका की नाव."

विलंब शुल्काची पावती झाली आणि बाईंनी संगणकावर नाव घातलं. दोन मिनिटं लागली. मी भिंतीवरच्या घड्याळात बघत होते म्हणून सांगते. चार फेऱ्या, ह्यांची एक रजा, पाचशेचा स्टॅम्प, आणि काम दोन मिनिटांचं.

प्रत हातात आली तर नाव 'शर्वरि' झालेलं. री ऱ्हस्व, आणि इंग्रजीत मधला 'ए' गाळलेला. साहेब तोवर बाहेर पडले होते. दुरुस्तीला वेगळा अर्ज, पाचवी फेरी. म्हणून सांगते, छापायच्या आधी पडदा आपल्याकडे वळवून घ्या आणि मराठी-इंग्रजी दोन्ही नावं अक्षर अक्षर वाचा. आपण नाव मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून नेलेलं सगळ्यात चांगलं. दुरुस्त दाखला ६ फेब्रुवारीला मिळाला. पाच प्रती घेतल्या.

आता शाळेचं. मुदतीला चार दिवस होते, म्हणजे दोन्ही दारं उघडी होती. पण मधल्या काळात मी आबांच्या सांगण्यावरून दोन्ही शाळांच्या फाटकाशी सुटायच्या वेळी उभी राहिले होते. इंग्रजी शाळेतली मुलं रांगेत शिस्तीत आली, व्हॅनमध्ये बसली. रडणारं कुणी नव्हतं. बालमंदिरात बाईंनी मला आत बोलावलं. छोट्या गटाची मुलं जमिनीवर बसून एका फुलपात्रातून दुसऱ्यात पाणी ओतत होती. एका मुलाचं सांडलं. त्याने बाईंकडे बघितलंही नाही. उठला, गुडघाभर उंचीवरच्या खिळ्याचं फडकं काढलं, पुसलं, पिळलं, परत अडकवलं, आणि पुन्हा ओतायला बसला. खिळा मुद्दाम तेवढ्या उंचीवर होता.

तरी ठरलं ते वेगळ्याच गोष्टीवर. चिऊ अजून शू सांगत नाही, हे मी दोन्हीकडे विचारलं. इंग्रजी शाळेत सांगितलं की डायपर चालणार नाही, जूनपर्यंत सवय लावून पाठवा. बालमंदिरातल्या बाई म्हणाल्या, "चार चड्ड्या पिशवीत घाला आणि वर नाव लिहा. होईल."

आणि वयाचं. राज्याच्या नियमाने ३१ डिसेंबरला तीन पूर्ण होत असतील तर त्या वर्षी नर्सरी मिळते. चिऊ बसते नियमात, पण जूनमध्ये ती अडीच वर्षं आणि वर काही दिवसांची असेल, वर्गातली जवळजवळ सगळ्यात लहान. इंग्रजी शाळेत "एलिजिबल आहे ना, मग घ्या" एवढंच झालं. बालमंदिरातल्या बाईंनी बोटांवर मोजून दाखवलं. यंदापासून ओळीने गेली तर २०२९ च्या जूनमध्ये पहिलीत, साडेपाच वर्षांची. एक वर्ष थांबली तर २०३० ला, साडेसहाची. दोन्ही नियमात बसतं. "यंदा दोन तास नुसती येऊ दे. पुढच्या जूनला बघू, वाटलं तर परत शिशुगटातच बसवू. फी निम्मी घेते." नोव्हेंबर-डिसेंबरच्या मुलांच्या आई-वडिलांनी हा हिशोब नक्की करावा. घाईत एक वर्ष पुढे गेलेलं मूल मागे आणताना त्यालाच त्रास होतो.

ह्यांना पटायला दोन दिवस लागले. इंग्रजीचं काय, हा प्रश्न आहेच आणि तो मी सोडून दिलेला नाही. पहिलीच्या वेळी पुन्हा बसू. त्या दगडी पायऱ्यांची मात्र मला खरीच काळजी आहे. आपल्याकडे पाऊस लागला की दगड शेवाळतो. कठडा बसवा म्हणून मी अर्ज दिलाय, त्याचीही दुसरी प्रत ठेवली आहे.

९ तारखेला बालमंदिरात नाव घातलं. बाईंनी जाड रजिस्टर उघडलं, शाईच्या पेनाचं टोपण काढलं आणि लिहिता लिहिता थांबून विचारलं, "शर्वरी. री दीर्घ ना?"

मी दाखला त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी बघून लिहिलं.

निळं आधार अजून व्हायचंय. सोमवारी मूळ दाखला घेऊन केंद्रात जायचं आहे. तिथे नऊला टोकन देतात आणि साडेनऊला संपतात, तेव्हा जाणार असाल तर आठलाच निघा.