हक्कसोडपत्र आणि धापेवाड्याची वाट

नागपुरातल्या सगळ्यांनाच पंढरपूर जमत नाही. अंतर मोठं, खर्च मोठा, आणि इतके दिवस घर सोडून राहणं बायांना कोण परवडू देतं? त्यांच्यासाठी धापेवाडा आहे. कळमेश्वर तालुक्यात चंद्रभागेच्या काठावरचं हे गाव विदर्भाची पंढरी म्हणून ओळखलं जातं. संत कोलबास्वामींची ही भूमी. आषाढी एकादशी झाली की पंढरीचा विठ्ठल इकडे येतो अशी आमच्याकडची श्रद्धा आहे, त्यामुळे तिकडची गर्दी ओसरू लागली की इकडची वाढते. वस्त्यावस्त्यांतून दिंड्या निघतात, काटोल नाका ओलांडतात आणि फेटरीच्या रस्त्याला लागतात.

मी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या बायांच्या भजनी मंडळासोबत गेले. यजमान गेल्यानंतर घराबाहेर मुक्काम करायची माझी ही पहिलीच वेळ. विठ्ठलाची ओढ होतीच, पण घरातून बाहेर पडायला दुसरंही कारण होतं. आमच्या कपाटात, साड्यांच्या खाली, एक कागद पडून होता. दिरांनी वकिलाकडून तयार करून आणलेलं हक्कसोडपत्र, म्हणजे घरातला आपला वाटा सोडून दिल्याचा कागद. "वहिनी, मंगळवारी रजिस्ट्रीला जाऊन येऊ. नुसती सही तर करायची आहे. घर काय कुठं पळून चाललं?" असं ते अगदी गोड बोलून गेले होते.

घर सासऱ्यांनी बांधलेलं. खालच्या दोन खोल्या आमच्या, वर दिरांचा संसार. आधी सासरे गेले, मग यजमान. तेरावं उरकून काही महिने झाले नाहीत तोच हा कागद आला. मला कायदा कळत नव्हता, पण सही करायची नाही एवढं आतून कळत होतं. तरी नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं. सही नाही केली तर वरून पाणी बंद करतील का? लेकीच्या लग्नात काका उभा राहील का? मुलगा शिकायला पुण्याला, रात्री कोणी दार वाजवलं तर मी काय करू? दिवसभर हेच प्रश्न, रात्री तेच. भीतीला लोक मनाचा कमकुवतपणा म्हणतात. मला ते पटत नाही. माझ्या भीतीला नळ होता, दार होतं, लग्नाची यादी होती.

वारीला जाते म्हटल्यावर दिरांनी हूं की चूं केलं नाही. माहेरी जाते म्हटलं असतं तर कशाला, किती दिवस, कोण न्यायला येणार, अशी उलटतपासणी झाली असती. देवाच्या नावानं निघालेल्या बाईची वाट अडवायची मात्र आपल्याकडे कोणाची टाप नाही. मला वाटतं, आपल्या आज्या-पणज्यांना हे चांगलं ठाऊक होतं. चार दिवस का होईना, चूल, गोठा आणि सासू यांच्यापासून दूर, दुसऱ्या बायांसोबत मोकळ्या रस्त्यावर बोलत चालायची परवानगी त्यांना या एकाच नावानं मिळत होती. त्या रस्त्यावर त्या काय काय बोलल्या असतील, ते कुठल्या पोथीत नाही.

पहाटे निघालो तेव्हा रिपरिप सुरू होती. निघण्याआधी मंडळातल्या आजींनी सगळ्यांच्या कपाळी बुक्का लावायला घेतला. माझी पाळी आली तशी मी सवयीनं एक पाऊल मागे सरले. हळदीकुंकवाच्या ताटापासून मागे सरायची सवय अंगात किती पटकन भिनते! आजींनी काही म्हटलं नाही. डाव्या हातानं माझी हनुवटी धरली, उजव्या अंगठ्यानं दोन भुवयांच्या मधोमध बुक्का दाबून लावला आणि पुढचीकडे वळल्या. गार अंगठा, थोडा खरखरीत. पावसानं बुक्का नाकावर ओघळला तेव्हा शेजारच्या काकूंनी पदरानं टिपून परत लावून दिला. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, मागोमाग सरकारनंही तसं परिपत्रक काढलं. बातमी वाचून मला तेव्हा बरं वाटलं होतं. पण ठराव कपाळापर्यंत पोचायला कोणाचा तरी अंगठा लागतो, तो मला त्या पहाटे भेटला.

गोरेवाड्याची झाडी मागे पडली आणि रस्ता मोकळा झाला. ट्रक अंगावर पाणी उडवत जात होते. रस्त्याच्या कडेला उतरलं की काळी माती चपलेला असा गोळा धरायची की पाय उचलवत नव्हता. आडोशाचं तर विचारूच नका. वारीच्या वर्णनांत हे कोणी लिहीत नाही, पण बाया प्रवासाला भितात त्यातलं अर्धं कारण हेच असतं. आमच्यात दोघीजणी जुनं नऊवारी लुगडं दोन टोकांना धरून पाठमोऱ्या उभ्या राहायच्या, एकेक जण मागे जाऊन यायची. कुठे थांबायचं हे म्हाताऱ्यांना पाठ होतं. पहिल्यांदा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फेटरी मागे पडेपर्यंत लुगडं धरायला मीच पुढे होऊ लागले.

चालताना जोड्या आपोआप जमतात. माझ्यासोबत कॉटन मार्केटजवळ भाजी विकणारी एक मावशी होती. नवरा दारू पिऊन मारायचा, म्हणून ती दोन पोरं घेऊन वेगळी झालेली. हे सगळं तिनं कोथिंबिरीचा भाव सांगावा इतक्या सहज सांगितलं. मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटे ना वो! आताबी वाटते. रातच्याला तीन वाजता माल घ्याले निंगतो मी, कुत्रे भुकतात, पोट्टे गाडीवरून वाकडं बोलतात. भेव वाटते म्हणून माल नाही आणला तं दिवसभर काय विकू? भेव सोबत घेऊनच जातो मी."

मग तिनं मला जे सांगितलं ते कुठल्याही प्रवचनापेक्षा मोलाचं होतं. घर सोडायच्या कितीतरी आधी तिनं आधार कार्ड, रेशन कार्ड, पोरांचे दाखले एकेक करून शेजारणीकडे नेऊन ठेवले होते. बँकेत स्वतःच्या एकटीच्या नावानं खातं काढलं होतं. निघायचा दिवस ठरवला तो नवऱ्याच्या पगाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी तो उशिरा येतो. "एकदम नाही निंगता येत माय. आंधी कागद निंगतात, मंग पैसे, मंग आपण." हे बोलताना तिचा हात सारखा डोक्यावरच्या तुळशीला सावरत होता.

आमच्यात एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. त्यांना अभंग जितके पाठ, तितका नागपूरचा इतिहासही. संत बहिणाबाईंचा अभंग म्हणून झाला की त्या सांगायच्या, या बाईंनी नवऱ्याची मारझोड सोसली, पण तुकोबांना गुरू मानायचं सोडलं नाही, आणि आपला सगळा छळ स्वतःच्याच अभंगांत लिहून ठेवला. मग गाडी नागपूरवर यायची. उमरेडच्या जाईबाई चौधरी पोटासाठी डोक्यावरून ओझी वाहायच्या, त्यातून शिक्षिका झाल्या आणि 1922 मध्ये त्यांनी नागपुरात मुलींसाठी शाळा काढली. शाळेला नाव दिलं संत चोखामेळ्याचं. ज्या चोखोबांना मंदिराच्या बाहेर उभं ठेवलं, त्यांच्या नावाच्या शाळेत दलित मुली आत जाऊन बसल्या, असं मास्तरीणबाई म्हणाल्या तेव्हा चार-पाच जणींचे टाळ थांबले.

पुढे त्या 1942 च्या जुलैवर आल्या. नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली होती, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, भाषणाला स्वतः बाबासाहेब. घटस्फोटाचा हक्क हवा, एका पुरुषाला अनेक बायका करायला बंदी हवी, असे ठराव त्या बायांनी केले. हिंदू विवाह कायदा 1955 साली आला. म्हणजे तेरा वर्षं आधी, आमच्या याच शहरात, मोलमजुरी करणाऱ्या बाया मांडवात बसून हे मागत होत्या. माझं सगळं आयुष्य नागपुरात गेलं आणि हे मला कळलं फेटरीच्या पुढे, पावसात चालताना. शाळेत का नाही सांगितलं कोणी?

मुक्काम कळमेश्वरला, एका शाळेच्या व्हरांड्यात. पोळ्या, आलू-वांग्याची भाजी, वरण-भात. जेवणं झाल्यावर सगळ्या पायांना तेल चोळत बसल्या असताना मी कागदाची गोष्ट काढली. मंडळातली एक ताई वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करते. असे कागद तिच्या हाताखालून रोज जातात. तिनं पहिला प्रश्न विचारला, "सही केली का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग काहीच बिघडलं नाही."

तिनं समजावलं ते असं. सासरे आधी गेले म्हणजे त्यांचा वाटा सासूबाई आणि मुलांमध्ये आला. यजमान मृत्युपत्र न करता गेले, म्हणजे त्यांच्या वाट्यात 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं मी, माझी मुलगी, माझा मुलगा आणि सासूबाई, सगळ्यांचा सारखा हक्क. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे एकदा नोंदलं गेलं की ते फसवून किंवा धाकानं घेतलं हे सिद्ध करत कोर्टात वर्षं घालवावी लागतात. राहत्या घरातून कोणी हाकलायला आलं तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा विधवेलाही लागू होतो. घर कोणाच्या नावावर आहे याच्याशी त्याचं घेणंदेणं नाही. आणि वकिलाचे पैसे? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. रात्री कोणी दार वाजवलं तर 112, आणि महिलांसाठी 181. माझ्या प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे एकेक उत्तर निघत गेलं. फक्त लेकीच्या लग्नात काका उभा राहील का, याला नव्हतं. तेव्हा आजी अंथरुणातूनच म्हणाल्या, "आम्ही राहू ना उभ्या."

त्या रात्री मला झोप लागली. किती महिन्यांनी, ते मलाही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला होता. संत्र्याच्या बागा, नुकतं वर आलेलं कपाशीचं रान, आणि मग धापेवाड्याची गर्दी. चंद्रभागेचं पाणी गढूळ, काठावर कुंकू-बुक्क्याची, लाह्या-बत्ताशांची दुकानं. दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास गेले, पण विठ्ठल-रुक्मिणीसमोर पुजाऱ्यांनी क्षणभरही थांबू दिलं नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. माझं मागणं कालच पुरं झालं होतं.

नदीकडे परत येताना मावशी म्हणाली, "फोन आत्ताच लाव. घरी जाशीन तं पुन्हा गप बसशीन." मी लावला. हात इतका थरथरत होता की तिनं माझं मनगट खालून धरलं. "भाऊजी, मंगळवारी मी येणार नाही. सही मी करणार नाही. आपण वाटणीचं बसून बोलू, पण वकिलासमोर." पलीकडून आधी काहीच आवाज नाही. मग ते खूप बोलले. दादा असता तर त्यानं तोंड दाखवलं नसतं, असंही बोलले. मी फोन बंद केला नाही, सगळं ऐकून घेतलं, आणि "माझं तेच म्हणणं आहे" असं सांगून ठेवला. मावशीनं समोरच्या टपरीवरून दोन चहा आणले. आजूबाजूला टाळांचा एवढा कल्लोळ होता की माझं रडणं तिच्याशिवाय कोणाला ऐकू गेलं नसेल.

घरी आल्यावर मी भीत भीत नळ उघडला. पाणी आलं. दीर आजही माझ्याशी बोलत नाहीत, आणि ते सोपं नाही. जिन्यात समोरासमोर आलो की पोटात अजून गोळा येतो. विधी सेवा प्राधिकरणातून मला वकील मिळाल्या आहेत, तरुण आहेत, पण एकेक कागद तीनदा वाचतात. सिटी सर्व्हेच्या आखीव पत्रिकेवर, म्हणजे घराच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर, आम्हा सगळ्यांची वारस म्हणून नावं लागावीत असा अर्ज दिला आहे. त्यावर दिरांनी हरकत घेतली आहे आणि सुनावणीच्या तारखा पडताहेत. सासूबाई मात्र दुपारी खाली चहाला येऊ लागल्या आहेत. त्यांचाही वाटा त्या घरात आहे, हे त्यांना आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

आमच्या मंडळात आता भजन आटोपलं की बाया पिशवीतून कागद काढतात. कोणाचा सातबारा, कोणाचं बँकेचं पासबुक, कोणाच्या नवऱ्यानं सही करायला दिलेला कोरा स्टॅम्प. मास्तरीणबाई वाचतात, टायपिंगवाली ताई सांगते, आजी ऐकतात. आमच्या गल्लीच्या टोकाला एक नवी सून आहे. तिच्या मनगटावरचे वळ मी दोनदा पाहिले आहेत. पुढच्या आषाढात ती आमच्यासोबत चालणार आहे. तिच्या सासूकडून वारीची परवानगी काढायला मी आणि मावशी उद्या संध्याकाळी त्यांच्या घरी जाणार आहोत.