जिप्सीच्या पत्र्यावर बेड लायनर : आधी गंज, मग लेप

२०२२ च्या सप्टेंबरात, पाऊस ओसरत आला होता तेव्हा, गाडी धुताना उजव्या दाराच्या खालच्या कडेला मला रुपयाएवढा एक फुगवटा दिसला. अंगठ्याने दाबला तर तो मऊ लागला आणि आतून तांबूस पाणी ओघळले. कडेला नख घातले, तेव्हा आदल्या वर्षी मारून घेतलेल्या बेड लायनरच्या काळ्या खरखरीत लेपाचा तळहाताएवढा तुकडा सहज सुटून हातात आला आणि त्याच्या आतल्या बाजूला गंजाचा पातळ पापुद्रा चिकटलेला दिसला. लेप फाटला नव्हता आणि झिजलाही नव्हता. तो ज्या थराला घट्ट धरून बसला होता, तो गंजाचा थरच पत्र्यापासून सुटला होता. बेड लायनरबद्दल मला जे सांगायचे आहे, ते सगळे त्या एका तुकड्यात होते.

गाडी माझी २००४ सालची पांढरी मारुती जिप्सी किंग आहे आणि मी चिपळूणचा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या कच्च्या वाटांवर जे गाडी घेऊन जातात, त्यांना करवंदीच्या जाळ्यांचा अनुभव असतोच. वाट अरुंद असली की दोन्ही बाजूंची काटेरी फांदी दारावरून खरडत जाते आणि चाकाखालून उडालेला जांभ्याचा खडा मडगार्डच्या आतून आणि पायरीखालच्या पत्र्यावर आदळत राहतो. कारखान्यातून आलेला रंग, प्रायमर आणि वरचा चकचकीत थर धरूनही, साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे दोन-तीन केसांइतका. तो एकदा पत्र्यापर्यंत कापला गेला की कोकणातली दमट, खारी हवा पुढचे काम करते. त्यातच २२ जुलै २०२१ च्या पुरात गाडी दिवसभर वाशिष्ठीच्या पाण्यात उभी होती. गाळ दारांच्या पोकळीत, सिलच्या (दारांखालच्या पोकळ पट्टीच्या) आत, गालिच्याखाली, जिथे म्हणून जाऊ शकत होता तिथे जाऊन बसला.

बेड लायनर ही मूळची अमेरिकेतल्या पिकअप गाड्यांच्या हौद्यासाठीची वस्तू आहे. हौद्यात विटा, लोखंड, अवजारे टाकली की रंग टिकत नाही, म्हणून तिथे पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरियाचा जाड, चिवट थर बसवण्याची पद्धत पडली. व्यावसायिक पद्धतीत दोन घटक गरम करून मोठ्या दाबाने एकाच वेळी फवारतात आणि थर काही सेकंदांत धरतो. त्याची यंत्रे महाग असतात. आपल्यासारख्यांना परवडणारा प्रकार बाटल्यांच्या संचात मिळतो. त्यातला रॅप्टर हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. बाटलीत ७५० मिलिलिटर मूळ द्रव्य असते, त्यात खुणेपर्यंत हार्डनर ओतला की १ लिटर होते, म्हणजे प्रमाण तिनास एक. बाटली हलवून तिच्या तोंडावर थेट शुट्झ गन, म्हणजे जाड द्रव्य फवारणारी बंदूक, बसवायची आणि कॉम्प्रेसरच्या हवेने मारायचे. ब्रशने किंवा रोलरने लावायचे, रबराचे कण घातलेले प्रकारही आहेत. ते जमिनीच्या पत्र्याला ठीक असतात, पण बाहेरून दिसणाऱ्या भागावर रोलरचे पट्टे उठून दिसतात.

हौद्याची ही वस्तू दारांवर आणि मडगार्डवर आणण्यामागचा विचार साधा आहे. कडक रंग ओरखड्याने कापला जातो. हा थर किंचित लवचीक असल्यामुळे खड्याचा मार सोसतो. पण तो पत्र्याचा गंज बरा करत नाही, आणि हे मला तेव्हा कळायला हवे होते. पुरानंतर आमच्याकडे प्रत्येक गॅरेजपुढे गाड्यांची रांग होती. मी ज्यांच्याकडे गाडी दिली त्यांनी दाराच्या खालच्या भागावरून वायर ब्रश फिरवला, जिथे गंजाने जाळी पडली होती तिथे लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, भरली आणि त्यावर थेट लेप मारला. काळा, दाणेदार, सगळीकडे सारखा असा तो पृष्ठभाग इतका मजबूत दिसत होता की मीही काही विचारले नाही. लांबी ओलावा शोषते, गंजाच्या खळग्यात क्षार राहतात आणि आतल्या बाजूने ओलावा येतच राहतो. एवढे असताना वरचा लेप पाणी बाहेर ठेवण्याऐवजी आत कोंडतो. साध्या रंगाखाली गंज आला तर तो महिन्या-दोन महिन्यांत डाग दाखवतो. या जाड लेपाखाली तो पूर्ण पावसाळा दडून राहिला आणि दिसला तेव्हा पत्रा बोटाने दाबला जात होता.

लेप काढणे हे लावण्याच्या कितीतरी पट कठीण काम आहे. थिनरने तो हलत नाही. हीट गनने मऊ करून पत्र्याच्या पट्टीने खरवडायचा आणि उरलेला ग्राइंडरवर घासायचा, असे माझे सलग पाच रविवार गेले. दोन्ही दारांच्या खालच्या कडा आणि डाव्या सिलचा हातभर भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा लागला. ज्यांना हा लेप पुढे कधी काढून टाकू असे वाटत असेल, त्यांनी तो लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या वेळी, म्हणजे जानेवारी २०२३ मध्ये, मी गावातल्या एका जुन्या पेंटर काकांना सोबत घेतले. त्यांनी बेड लायनर पूर्वी कधी मारलेला नव्हता, पण पत्रा ओळखणारा त्यांच्यासारखा माणूस मी पाहिलेला नाही. दारांचे रबर, हँडल, पायऱ्या, मडफ्लॅप सगळे उतरवले. गंज चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासला, खळग्यांत राहिलेल्या काळ्या ठिपक्यांवर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावून ते धुऊन पूर्ण वाळवले आणि उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारला, कारण आमच्याकडे घासलेला पत्रा एक रात्र तसाच राहिला तरी सकाळी त्यावर पिवळसर झाक येते. जिथे मूळ रंग घट्ट होता तिथे तो काढायची गरज नव्हती, फक्त १८० नंबरच्या पॉलिश पेपरने त्याची चमक घालवायची होती. मला वाटले होते की हे काम झाले. काकांनी टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरली, डोळा खाली आणला आणि दाराच्या घडीजवळ बोट ठेवले. “हे बघा, इथं अजून चमकतंय.” तांदळाएवढी जागा असेल. नंतर त्यांनी अशा जागा बिजागरीभोवती, हँडलच्या खळग्यात, मडगार्डच्या वळणावर शोधून काढल्या आणि प्रत्येक जागी पेपर बोटाभोवती गुंडाळून मी ती मंद करत गेलो. लेप रासायनिक बंधापेक्षा या बारीक ओरखड्यांना धरून बसतो. चमक राहिली तिथून तो पुढे सुटतो. शेवटी मेण आणि तेल काढणारे द्रावण दोन पांढऱ्या फडक्यांनी फिरवले, एक ओले आणि त्यामागोमाग लगेच एक कोरडे. कोरड्या फडक्यावर डाग येणे थांबेपर्यंत हे चालू ठेवले.

दाराच्या तळाला पाणी निथळायला छिद्रे असतात. पहिल्या कामात ती सगळी लेपाने बुजली होती, त्यामुळे काचेच्या फटीतून उतरलेले पाणी दारातच साठत होते आणि पत्रा आतून खात होते. या वेळी प्रत्येक छिद्रात मास्किंग टेपची गुंडाळी घातली.

मारण्याचा दिवस निवडण्यात घाई करू नये. या द्रव्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट पाण्याशीही संयोग पावते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. हवा दमट असेल किंवा पत्र्यावर न दिसणारे दव असेल तर थरात बुडबुडे धरतात. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागते त्यापेक्षा, किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक असावे, हा नियम पाळायचा म्हटला तर कोकणात जानेवारी-फेब्रुवारीतली सकाळी दहानंतरची वेळच खरी. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर लावला आणि टाकी आधी रिकामी केली.

आता सर्वांत महत्त्वाचे. आयसोसायनेटची वाफ आणि फवारा फुप्फुसात गेला तर माणसाला कायमचा दमा जडू शकतो आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही त्रास होतो. रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क याला चालत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क सर्वांत योग्य. तो मिळत नसेल तर हे काम अशी सोय असलेल्या ठिकाणीच करून घ्यावे, असे मी कळकळीने सांगतो. आम्ही जवळच्या एका पेंट बूथची दिवसभराची जागा भाड्याने घेतली, ती केवळ या कारणासाठी. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा अंगरखा आणि चष्मा हेही हवेतच. गॅरेजमध्ये उघड्या तोंडाने हे मारणारी पोरे मी पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी मला आजही काळजी वाटते.

मारण्याचे काम त्या मानाने लवकर झाले. दाब सुमारे ५० पीएसआय ठेवला आणि गन दीड फुटावर धरली. दाब वाढवला की दाणा बारीक येतो, कमी केला की जाड, त्यामुळे आधी पुठ्ठ्यावर मारून दाणा ठरवला आणि मग रेग्युलेटरला हात लावला नाही. पहिला हात पातळ मारला, इतका की खालचा प्रायमर मधूनमधून दिसत होता. तासाभराने दुसरा हात आडव्याऐवजी उभा फिरवून मारला. दोन्ही बाजूंची सिल, दारांचा खालचा तिसरा हिस्सा, चारही मडगार्डच्या कमानी आणि आतली जमीन एवढ्याला चार बाटल्या लागल्या. मिसळलेली बाटली तासाभरात संपवावी लागते, म्हणून एका वेळी एकच तयार केली. मास्किंग टेप लेप ओला असतानाच ओढून काढायला हवी. वाळल्यावर काढली तर कड दातेरी फाटते, आणि ती आमच्याकडून एका जागी फाटलीच. गाडी दोन दिवस वापरली नाही आणि आठवडाभर पाणी लागू दिले नाही.

बॉनेट आणि छप्पर मी जाणीवपूर्वक सोडले. तिथे खडे फारसे लागत नाहीत, ऊन मात्र दिवसभर लागते, आणि अ‍ॅरोमॅटिक प्रकारचे स्वस्त लायनर उन्हात पांढुरके पडतात. शिवाय दाणेदार पृष्ठभागात जांभ्याची तांबडी माती अशी बसते की नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने जात नाही, मऊ ब्रशने घासावे लागते. ठोकर बसली तर डेंटिंग करून लांबी भरून पॉलिश मारण्याची सोयही या लेपावर नाही. संपूर्ण गाडी यात न्हाऊ घालणाऱ्यांचा उत्साह मी समजू शकतो, पण तो मला पटत नाही. सगळी गाडी करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की नोंदणीपत्रावर रंग लिहिलेला असतो आणि तो बदलायचा तर आधी आरटीओ कार्यालयात विचारून रीतसर नोंद करून घ्यावी. जिप्सी आणि जीपवाल्यांना लष्करी हिरव्याचा मोह फार असतो, परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांनाच मोकळा आहे.

बाहेरचे काम झाल्यावर सिल आणि दारांच्या पोकळीत, टेपच्या गुंडाळ्या काढून, लांब नळीने मेणाचा फवारा मारला. बाहेरून कितीही चांगला लेप असला तरी आतल्या बाजूला तो पोहोचत नाही, आणि जिप्सीचा पत्रा बहुतेक वेळा आतूनच जातो.

त्यानंतरचे दोन पावसाळे गाडीने काढले. दर ऑक्टोबरात मी उताणा पडून टॉर्चने सिलची कड पाहतो आणि नाण्याच्या पाठीने टकटक करत जातो, कारण सुटलेल्या जागेचा आवाज पोकळ येतो. आतापर्यंत एकच जागा सापडली, उजव्या मागच्या कमानीत, दगडाने कापलेली, बोटाच्या पेराएवढी. ती घासली, प्रायमर लावला आणि उरलेल्या द्रव्याची वाटीभर मिसळण करून ब्रशने भरली. रंग जुळला, दाणा जुळला नाही. टेप फाटलेली ती दातेरी कड डाव्या दारावर अजून तशीच आहे.