जन्मदाखला नाही, आधार नाही, तरीही पाचवीत

दिवाळीनंतर मुंबईत मानखुर्द-गोवंडीकडे नवी माणसं येतात. जालना, बीड, परभणीची. सकाळी नाक्यावर उभी राहतात, मिळेल त्या मुकादमाबरोबर जातात. त्यांची मुलं मात्र दिवसभर पुलाखाली, ताडपत्रीच्या आडोशाला. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. मराठी शाळांचा पट घटला म्हणून आमच्याकडे बैठकांवर बैठका होतात, आणि घरात मराठी बोलणारी ही मुलं शाळेपासून हाकेच्या अंतरावर असतात. हे बघून गप्प बसणं मला जमत नाही.

त्यातल्या एका मुलीच्या प्रवेशाबद्दल लिहिते आहे, कारण याच वाटेनं जाणाऱ्या इतर शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना त्याचा उपयोग होईल. घरात तिला सगळे थोरली म्हणत. वय दहाच्या आसपास. गावच्या जिल्हा परिषद शाळेत दुसरीपर्यंत गेली, मग आईबापाबरोबर फिरती सुरू झाली.

खरी अडचण कागदांची नव्हती. आई म्हणाली, "बाई, ही साळंत गेली तर बारक्याला कोण सांभाळायचं?" याला कायद्यात उत्तर नाही. बारका तीन वर्षांचा होता, म्हणून आधी त्याचं नाव जवळच्या अंगणवाडीत घातलं. पण अंगणवाडी लवकर सुटते, आई संध्याकाळी येते. मधला वेळ बारका आमच्या वर्गात, बहिणीच्या शेजारी बसेल, असं मुख्याध्यापिकांशी बोलून ठरवलं. त्यांनी हो म्हटलं आणि तिथंच निम्मं काम झालं. मुलगी शाळेत का येत नाही, हे घरी जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. एकदा विचारून भागत नाही, बापाशी वेगळं बोलावं लागतं, आजीशी वेगळं.

मग कार्यालय. जन्मदाखला, आधार, आधीच्या शाळेचा दाखला, तिन्ही मागितलं गेलं, तिन्ही नव्हतं. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 14 नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम 5 नुसार आधीच्या शाळेच्या दाखल्याला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही. वर्षाच्या मध्येच आली, हेही कारण चालत नाही. ते कलम 15. वयासाठी पालकांनी लिहून दिलेली घोषणा पुरते. बापाला लिहिता येत नव्हतं, त्यानं सांगितलं तसं मी लिहिलं, वाचून दाखवलं, त्यानं अंगठा दिला. 'पोळ्यानंतरची' एवढंच त्याला आठवत होतं, त्यावरून महिना धरला.

आधारचा प्रश्न जास्त चिवट आहे. सर्वोच्च न्यायालयानं 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असं स्पष्ट म्हटलंय. पण संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवताना, आधार वैध असलेले विद्यार्थी धरले जातात. त्यामुळे आधार नसलेलं मूल शाळेला नकोसं होतं. ज्या मुलांना शिक्षकाची सगळ्यात जास्त गरज, नेमकी तीच मोजणीतून गळतात. हा नियम अन्यायाचा आहे आणि तो बदलेपर्यंत आम्ही शिक्षकांनी बोलत राहिलं पाहिजे. थोरलीचं नाव आम्ही आधी जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीत घेतलं, आधारचं केंद्र नंतर गाठलं. क्रम हाच ठेवावा.

सगळ्यात मोठा वाद झाला तो इयत्तेवर. "दुसरीतून सुटली ना, मग तिसरीत बसवा," असं मला सांगण्यात आलं. कलम 4 म्हणतं, वयानुरूप इयत्ता. आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण, नियमांप्रमाणे कमीत कमी तीन महिने, लागलं तर दोन वर्षांपर्यंत. दहा वर्षांच्या मुलीला आठ वर्षांच्या मुलांत बसवलं की ती मान खाली घालून बसते आणि एक दिवस यायची बंद होते. मी पाचवीवर अडून राहिले. तिला पाचवी मिळाली.

विशेष प्रशिक्षण म्हणजे शाळा सुटल्यावरचा माझा आणि तिचा वेळ. जोडाक्षरांपाशी अडखळायची. पण आईबापाची हजेरी, मुकादमाची उचल, दुकानदाराची उधारी सगळं तोंडपाठ! हातच्याची वजाबाकी फळ्यावर चुकायची, तोंडी कधीच नाही. म्हणून पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून तिला एक वही दिली आणि घरचा हिशेब त्यात लिहायला लावला. बेरीज, वजाबाकी, पुढे अर्धा खाडा आणि पाव किलोतून अपूर्णांक, सगळं त्याच वहीत आलं. दुकानदाराचा आकडा चुकलाय हे तिनं आईला लिहून दाखवलं, त्यानंतर आईनं "आज राहू दे शाळा" म्हणणं सोडलं. बारकाही 'अ' गिरवायला लागला, तो भाग निराळाच.

ही माणसं पावसाच्या आधी परत जातात, आणि तिथं सगळं पुन्हा तुटू शकतं. त्यासाठी स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड, म्हणजे मूल कितवीत आहे आणि काय शिकलंय याची पुढच्या शाळेसाठीची नोंद, द्यायचं असतं. ते भरून दिलं, शेवटी तिला काय येतं आणि काय येत नाही हे स्वच्छ लिहिलं. बापाच्या फोनवरून गावच्या गुरुजींशी बोलून घेतलं, त्यांचा नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहिला.

जूनमध्ये गुरुजींचा फोन आला. नाव सहावीत घेतलंय, पण अपूर्णांकांची बेरीज कच्ची आहे म्हणाले. वहीतली कुठली पानं काढायची ते मी त्यांना सांगितलं, आणि दिवाळीनंतर कुटुंब पुन्हा निघालं तर आधी मला कळवा, असंही.