रॉ वॉटर पंप, तुटलेली पाती आणि खालचं ते छोटं भोक

शिडाच्या बोटीवर इंजिन तसं कमीच चालतं, पण जेव्हा लागतं तेव्हा लागतंच, त्यामुळे चालू केलं की मी आधी मागे जाऊन एक्झॉस्टमधून पाणी कसं पडतंय ते बघतो (रॉ वॉटर पंप समुद्राचं पाणी आत ओढतो, ते इंजिन थंड करून एक्झॉस्टमधून बाहेर पडतं). यावेळी धार नेहमीसारखी भसाभसा नव्हती, बारीक पडत होती आणि वाफ जास्त. टेम्परेचरचा काटा मात्र एकदम जागेवर! यात खूप जण फसतात, कारण काटा दाखवतो इंजिनच्या आत फिरणाऱ्या वेगळ्या पाण्याचं, म्हणजे कूलंटचं तापमान आणि थर्मोस्टॅट ते बराच वेळ सांभाळून घेतो, तोपर्यंत बाहेरचं पाणी कमी झालेलं कळतच नाही. म्हणून काट्याआधी धार बघायची असं माझं ठाम मत आहे.

इंजिन बंद केलं, सीकॉक (बोटीच्या तळाचा, समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद केला, स्ट्रेनर म्हणजे कचरा अडवणारी गाळणी उघडली तर जाळी स्वच्छ. पंपाकडे येणारा पाइप काढून सीकॉक जरासा उघडला तर पाणी जोरात आलं, म्हणजे येणाऱ्या बाजूला काही अडकलेलं नाही, राहिला पंप. (सीकॉक बंद केल्यावर इंजिनची चावी काढून सीकॉकच्या दांड्यालाच अडकवायची, म्हणजे कोणी चुकून कोरडं इंजिन चालू करणार नाही. पाणी नसेल तर पंपाच्या आतला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, बघता बघता जळतो.)

पंप उघडणं अवघड नाहीच हो, तिथपर्यंत हात पोचवणं अवघड. आमच्या पंपाचं झाकण इंजिनच्या अशा बाजूला आहे की दिसत काही नाही, मोबाइलचा कॅमेरा आत घालून बघायचं आणि मग नुसत्या बोटांनी चाचपत स्क्रू काढायचे. स्क्रू एवढे एवढे, पितळी, आणि पडले की थेट बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळात, म्हणून खाली आधी फडकं पसरलं. इम्पेलर दोन स्क्रूड्रायव्हरनी उचकटतात लोक, पण पंपाच्या ब्राँझच्या कडेला ओरखडा गेला की तिथे गॅस्केट नीट बसत नाही आणि गळती सुरू. पुलर वापरला, अलगद बाहेर आला.

सहा पात्यांपैकी दोन गायब! तिसऱ्याला मुळाशी चीर. आता नवा इम्पेलर बसवून मोकळं होता येतं, पण गेलेली पाती कुठे गेली? ती पाण्याबरोबर पुढे जातात आणि जिथे वाट अरुंद होते तिथे अडकतात, मग नवा इम्पेलर घालूनही धार बारीकच, आणि माणूस नव्या इम्पेलरला शिव्या देत बसतो. पंपाच्या पुढचा पाइप काढला, वळणावर एक तुकडा सापडला. दुसऱ्यासाठी हीट एक्स्चेंजरचं (जिथे समुद्राचं पाणी कूलंटला थंड करतं) टोकाचं झाकण काढावं लागलं, तिथे बारीक नळ्यांच्या तोंडावर रबर चिकटून बसलेलं आणि सोबत झिजलेल्या झिंक अॅनोडचे (बाकी धातू गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) तुकडेपण. सगळं बाहेर काढून जुन्या इम्पेलरला जिगसॉसारखं जोडून बघितलं, दोन्ही पाती पूर्ण भरली तेव्हाच थांबलो.

इथे काम संपायला हवं होतं, पण पंपाच्या पोटाखाली मिठाचा पांढरा-हिरवा थर दिसला. तिथे एक छोटं भोक असतं, इम्पेलर फिरवणाऱ्या शाफ्टवरच्या दोन सीलच्या (गळती अडवणाऱ्या रबरी कड्यांच्या) मधे. त्यातून पाणी येत असेल तर पाण्याकडचं सील गेलं, ऑइल येत असेल तर इंजिनकडचं. काही महाभाग ते भोकच बुजवून टाकतात, गळती थांबली म्हणे! मग ते खारं पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, आणि पंप गिअरवर चालणारा असेल तर थेट इंजिन ऑइलमध्ये, ऑइल दुधाळ होतं आणि पुढचा खर्च विचारूच नका.

म्हणून अख्खा पंप काढून टेबलावर घेतला. शाफ्टवर सील जिथे घासतं तिथे नख फिरवलं तर अडकलं, म्हणजे खाच पडलीये, अशा शाफ्टवर नवं सील टिकत नाही. शाफ्ट, बेअरिंग, दोन्ही सील सगळंच बदललं. सील बसवताना दिशा बघा, प्रत्येकाची स्प्रिंगवाली बाजू ज्याला अडवायचं त्याच्याकडे, म्हणजे एकाची पाण्याकडे आणि दुसऱ्याची ऑइलकडे. बरोब्बर मापाचा सॉकेट घेऊन सरळ दाबायचं, तिरकं गेलं की वाया. दोन सीलच्या मधे शाफ्टवर एक रबरी रिंग असते, चुकून आलेलं पाणी ती बाहेर भिरकावते, ती विसरू नका.

झाकणाच्या आतल्या बाजूला पात्यांनी गोल चर पाडला होता. नवीन मागवायच्या आधी ते उलटं करून बघितलं, बाहेरची बाजू सपाट होती, काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासली, तीच आत केली. गॅस्केट मात्र कंपनीच्याच जाडीचं हवं, जाड घातलं तर फट राहते आणि पंप पाणी ओढत नाही.

इम्पेलरला ग्लिसरीन लावलं. ग्रीस नको, इम्पेलरचं रबर (निओप्रीन) त्याने फुगतं. पाती झिप टायने आवळून, पंप फिरतो त्याच्या उलट बाजूला वाकतील अशी फिरवत फिरवत आत सरकवली, टाय आपोआप बाहेर राहतो तो कापून टाकला. स्ट्रेनर पाण्याने भरला, सीकॉक उघडला, स्टार्टर मारला आणि थोड्याच वेळात मागे मस्त भसाभसा धार.

नंतर तासभर इंजिन चालवून सगळ्या क्लिप परत आवळल्या आणि पंपाखाली कोरडा टिश्यू लावून ठेवला. कोरडाच राहिला. चीर गेलेला जुना इम्पेलर टाकून दिला, स्पेअर म्हणून तसले इम्पेलर ठेवणारे लोक मला कधी कळलेच नाहीत, स्पेअर ठेवायचा तर नवा ठेवा आणि सोबत गॅस्केटपण.