बाबांचं मिग आणि सानाहिनची फरशी

१६ मे, सानाहिन (आर्मेनिया), रात्री

पाय जाम दुखतायत, तरी लिहून ठेवते, उद्या परत गाडीत बसलं की सगळं एकमेकांत मिसळून जाईल.

खरं सांगायचं तर मी इथे मठ बघायला आलेच नव्हते. भाची येरेवनला मेडिकलला आहे, तिला भेटायला आले होते, आणि बाबांनी निघतानाच सांगून ठेवलेलं की मिकोयानच्या गावाला जाऊन ये. आर्तेम मिकोयान म्हणजे मिग ही लढाऊ विमानं घडवणाऱ्यांपैकी एक, त्या नावातला 'मि', तो इथल्याच सानाहिनचा, जन्म १९०५. बाबांची उभी हयात ओझरला एचएएलमध्ये मिग-२१ जोडण्यात गेली. गेल्या सप्टेंबरात चंदीगडला ती विमानं निवृत्त झाली तेव्हा दिवसभर टीव्हीसमोर बसून होते, जेवायलाही उठले नाहीत.

येरेवनहून अलावेर्दीपर्यंत मार्शरुत्का, म्हणजे आपली वडापच, फक्त माणसं जरा कमी कोंबतात. अलावेर्दी खाली देबेद नदीच्या घळीत, तांब्याच्या कारखान्यावर वाढलेलं गाव, कारखाना आता बंद. वर पठारावर सानाहिन. पूर्वी रोपवे होता, तोही बंद, म्हणून टॅक्सी. घळ बघून मला सारखा माळशेज आठवत होता, तोच काळा बसाल्ट, तेच सरळ तुटलेले कडे, फक्त करवंदाच्या जाळ्या नाहीत.

आधी मिकोयानचं म्युझियम, कारण बाबा व्हिडिओ कॉलवर ताटकळले होते (तिकडे घड्याळ दीड तास पुढे, त्यांची जेवणाची वेळ टळलेली). अंगणात खरं मिग-२१ उभं आहे. "नाकातला शंकू दाखव. आता चाकं. अगं खालून, खालून!" मी गवतात ओणवी होऊन फोन धरलाय आणि म्हातारा माणूस हजारो किलोमीटरवरून रिव्हेट मोजतोय. भाची हसून लोटपोट.

मग मठ. फोन चालूच राहिला, ते बरं झालं.

सानाहिन आणि समोरच्या पठारावरचं हाघपात, दोन्ही १० व्या शतकातले मठ, दोन्हींच्या मागे एकच राणी, खोस्रोवानूश. सानाहिन म्हणजे 'हा त्याच्यापेक्षा जुना' असा अर्थ इथले लोक सांगतात. खरं खोटं माहीत नाही पण शेजारच्या गावाला टोमणा म्हणून नाव ठेवायचं हे मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

चर्चच्या पुढे जो दालन-मंडप असतो त्याला गवित म्हणतात, आपला सभामंडप समजा. इथला मोठा गवित ११८१ चा. चार जाडजूड खांब, वर छताला एक झरोका, तेवढाच उजेड. दोन चर्चच्या मधे एक अरुंद बोळ आहे, दोन्ही बाजूंना दगडी बाक, तिथे म्हणे विद्यार्थी बसायचे. मी बसून बघितलं, पाच मिनिटांत पाठ गार पडली, ती पोरं हिवाळ्यात काय करत असतील देव जाणे. छपरावर गवत वाढलंय, भिंतीला शेवाळ, आणि माणसं आम्ही दोघी आणि मेणबत्त्या विकणारी एक आजी.

गवितात शिरले आणि चार पावलं गेल्यावर लक्षात आलं की पायाखाली फरशी नाहीये, थडगी आहेत. सगळी. एकाला एक चिकटून लांबट दगड, काहींवर माणसाच्या आकाराची नुसती रेघ, काहींवर अक्षरं. पाय ठेवायला मोकळी जागाच नाही. मी तिथेच एका पायावर बगळ्यासारखी. फोनमधून बाबा, "अगं बूट काढ आधी!"

आजी बघत होती. ती काहीतरी म्हणाली, भाचीने तोडकंमोडकं भाषांतर केलं: चाला, चाला, त्यांना तसंच हवं होतं. मोठमोठे सरदार, मठाधिपती, यांनी मुद्दाम दारात पुरून घेतलं, येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय पडावेत म्हणून.

बाबा म्हणाले, "म्हणजे नामदेवाची पायरी."

तेच. पण तेच नाही ना. नामदेवांनी संतांचे पाय लागावेत म्हणून महाद्वारातली जागा मागितली आणि आपण काय करतो, पाय चुकवून, डोकं टेकवून पुढे. त्यांचं मागणं आपण मोठ्या प्रेमाने मोडलं. इथे यांनी आठशे वर्षं खरंच तुडवलं, अक्षरं गुळगुळीत होईपर्यंत. कोणी जास्त मान दिला ते मला अजून ठरवता येत नाहीये. मी बूट मात्र काढले, मोजे ओले झाले, आजीने डोक्याला हात लावला.

मेणबत्त्या बारीक, पिवळ्या, वाळूच्या ट्रेमध्ये खोचायच्या. बाहेर पडताना आजी देवाकडे पाठ न करता उलटी चालत दारापर्यंत गेली. आमची आजी काळारामातून अशीच निघायची, आणि दर वेळी कोणाच्या तरी पायावर पाय द्यायची.

दुपारी हाघपात. ते जास्त देखणं आहे, फोटोही जास्त चांगले आले, १२७३ चा खाचकार (दगडात कोरलेला क्रूस, ठेवण आपल्या वीरगळासारखी) तर तासभर बघावा असा, अजून लाल रंगाच्या खुणा दिसतात. एका दालनात जमिनीत रांजण पुरलेत. पण टूरची बस आली आणि माझं मन सानाहिनलाच अडकलेलं, त्यामुळे नीट बघितलं असं म्हणवत नाही.

रात्री घरमालकिणीने तान दिलं, म्हणजे शुद्ध ताक. दोन ग्लास प्याले. भाची माझ्या फोनवर एका थडग्याचा फोटो मोठा करून अक्षर अक्षर लावत बसली. "मावशी, 'आय्स ए' आहे बघ. म्हणजे 'हे आहे'." पुढे? पुढे काही नाही, नाव झिजून गेलंय.

बाबांना फोन करून सांगितलं. जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरं, तो पुढच्या चाकाचा फोटो हललाय. उद्या निघायच्या आधी परत काढता येईल का?"