हायवा यायच्या आधी

मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, तेव्हापासून शिरपूर-शिंदखेड्याकडच्या आमच्या सोयऱ्यांचे फोन वाढलेत. ३०९ किलोमीटरचा नवा मार्ग, मालेगाव, धुळे, शिरपूर करत सेंधव्याकडे जाणारा. मी रस्त्यांच्या कामांवर सुपरवायझर म्हणून उमर घालवली, म्हणून लोक मला विचारतात. प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: जमीन किती जाईल आणि भाव काय लागेल? ते मोजणीवाले आणि प्रांतसाहेब ठरवतील. मी त्यांना उलट विचारतो, तुझी जमीन गेली नाही आणि बांधाच्या पलीकडून काम गेलं, तर? याचा विचार कोणी केलेला नसतो.

ज्याची जमीन जाते त्याला नोटीस येते, हरकत घेता येते, २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या हिशोबाने मोबदला मिळतो. ज्याची जात नाही, पण घरासमोर दोन-तीन वर्षं पोकलेन आणि हायवा, म्हणजे माती-मुरुमाचे मोठे डंपर, चालतात, त्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं. त्याच्या विहिरीत धूळ पडते, पोरांना शाळेत जायला वळसा पडतो, दुकानाचं गिऱ्हाईक तुटतं. मला हे लिहायचं आहे ते अशा माणसांसाठी. आणि माझं ठाम मत आहे की हा त्रास बराचसा टाळता येतो. त्यासाठी फार मोठी यंत्रं लागत नाहीत, फार पैसाही लागत नाही. कामाचा क्रम बदलावा लागतो.

क्रम का चुकतो ते आधी सांगतो. मोठ्या सरकारी कंत्राटात कुठलं काम झालं की एकूण रकमेच्या किती टक्के बिल निघेल, याचा तक्ताच असतो. राष्ट्रीय महामार्गाच्या ईपीसी करारात (आखणी, सामान आणि बांधकाम सगळं एकाच कंपनीकडे) त्याला शेड्यूल एच म्हणतात. मोठी रक्कम असते ती मुख्य रस्त्याच्या भरावात, खडीत, काँक्रीटमध्ये आणि मोठ्या पुलांत. मोरी (रस्त्याखालून पाणी काढून देणारा छोटा पूल), गटार, शेतात उतरायचा रस्ता, यांचं बिल त्यामानाने किरकोळ. मग कंपनी आधी मोठं काम ओढते, बिल काढते, आणि गावाला रोज लागणारी बारकी कामं शेवटी ठेवते. कोणी दुष्टपणाने करत नाही, पगार आणि डिझेल त्या बिलावरच चालतं. पण मृग लागतो तेव्हा रस्ता चार फूट वर आलेला असतो आणि मोरी अर्धी. पावसाचं पाणी नाल्याने जायचं ते गावाकडे तुंबतं. ज्यांचे ओटे काल रस्त्याच्या वर होते, त्यांच्या उंबऱ्यातून पाणी आत येतं. एका कामावर मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. तिथल्या एका बाईंनी घरात शिरलेला गाळ टोपल्यांनी काढला, आणि त्यात त्यांची वर्षाची दादर, म्हणजे खायची ज्वारी, भिजून गेली. मोरीचे पाइप मात्र दीड महिना आधीपासून साइटवर येऊन पडलेले होते.

म्हणून पहिली मागणी ही करावी: ७ जूनच्या आत गावाच्या हद्दीतल्या सगळ्या मोऱ्या चालू झाल्या पाहिजेत, भराव त्यानंतर. रेल्वेच्या बाबतीत तर हे दुप्पट महत्त्वाचं. फाटक बंद करून खाली बोगदा देतात आणि पावसाळ्यात त्या बोगद्यात पाणी साचतं, हे आपल्याकडच्या कित्येक गावांना माहीत आहे. बोगद्याचं पाणी कुठे काढणार, पंप कोण चालवणार, त्याची वीज कोणाची, हे नकाशा टेबलावर असतानाच विचारायचं. नंतर विचारलं तर उत्तर द्यायला माणूसच सापडत नाही.

दुसरी गोष्ट पाइपांची. आपल्याकडे केळी, कापूस, पपई, सगळं ठिबकवर आहे आणि विहीर एका बाजूला तर शेत रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, अशी कितीतरी खाती आहेत. रस्त्याखालून गेलेल्या पाइपलाइनी कोणत्याही सरकारी नकाशावर नसतात. पोकलेनच्या बकेटला पहिला पाइप लागतो तेव्हाच त्या कळतात. मे महिन्यात केळीचं पाणी दोन-तीन दिवस चुकलं तर पानं मोडून पडतात, आणि निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या बागेचा घड भरत नाही. कंपनी म्हणते पाइप जोडून दिला ना. पाइपाची किंमत काही शेकड्यांत असते, बागेचं नुकसान लाखांत.

यावर उपाय मी एका जुन्या फोरमनकडून शिकलो आणि नंतर प्रत्येक कामावर केला. खोदाईच्या आधी चुन्याची पाटी घ्यायची आणि शेतकऱ्यांना सोबत घेऊन पूर्ण लांबी पायी चालायची. पारोळा तालुक्यातल्या एका कामावर एक जिभाऊ, म्हणजे गावातले वडीलधारे शेतकरी, काठी टेकत पुढे आणि मी मागे. ते थांबायचे, बांधावरच्या निंबाकडे बघायचे, मग विहिरीच्या मोटारघराकडे, आणि दोन्हींची रेघ जुळली की काठी जमिनीवर आपटायचे. “आठे चुना टाक भाऊ. आठे मन्हा पाइप शे, दोन हात खाले.” उकरून पाहिलं की तिथेच पाइप. मग दुसऱ्यांचेही दाखवले. कोणाच्या चुलत्याने कोणत्या साली टाकला, मधे कुठे जोड आहे, तो जोड गळका आहे, हे सगळं त्यांना पाठ. आम्ही प्रत्येक खुणेवर आधी आडवा ह्यूम पाइप, म्हणजे सिमेंटचा मोठा पाइप, टाकला आणि शेतकऱ्याचा पाइप त्यातून ओढून घेतला. भराव त्याच्यावर चढला. काम संपेपर्यंत त्या पट्ट्यात कोणाचं पाणी बंद झालं नाही, आणि पुढे कधी पाइप बदलायचा झाला तरी रस्ता फोडायची गरज नाही. ह्यूम पाइपांचा खर्च एकूण कामात दिसतसुद्धा नाही.

आता धूळ. २०१८ मध्ये केंद्राने पर्यावरणाच्या नियमांत धुळीबद्दल दुरुस्ती केली. माती-वाळू उघडी ठेवायची नाही, गाडी ताडपत्रीने झाकायची, साइटकडे जाणारा रस्ता पक्का करायचा, पाणी मारायचं. हे नियम हवा बिघडलेल्या शहरांना डोळ्यासमोर ठेवून आले. जळगाव शहर राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, त्यामुळे तिथे निदान कोणी विचारतं. खेड्यातल्या डायव्हर्शनवर, म्हणजे काम चालू असताना दिलेल्या कच्च्या वळणरस्त्यावर, विचारायला कोणी येत नाही. आणि खरं नुकसान तिथेच असतं. नोव्हेंबर-डिसेंबरात बोंडं फुटलेली असतात आणि बाजूने मुरुमाच्या कच्च्या रस्त्यावर दिवसभर हायवा. संध्याकाळी कापूस पांढरा राहत नाही. व्यापारी मुठीत घेतो, बोटाने सरकी चाळवतो, झटकतो, हाताला लागलेली माती दाखवतो आणि भाव पाडतो. त्या शेतकऱ्याची एक गुंठाही जमीन गेलेली नसते.

पाण्याचा टँकर करारात असतोच, पण तो येतो कधी? बहुतेक ठिकाणी ड्रायव्हरचा चहा-नाश्ता झाल्यावर दहा-अकराला, म्हणजे हायवांच्या पाच-सहा खेपा होऊन गेल्यावर. पाणी पहिल्या गाडीच्या आधी मारलं पाहिजे. आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ते फार टिकत नाही, पारा ४४-४५ वर गेला की तासाभरात जमीन परत कोरडी. त्यामुळे दिवसातून एकदा पाणी मारल्याची नोंद वहीत चढवून उपयोग नाही. काळ्या मातीत जास्त पाणी ओतलं तर उलट चिखल होतो आणि दुचाक्या घसरतात, म्हणून डायव्हर्शनवर आधी मुरुमाचा चांगला थर दाबून घ्यावा लागतो. गावाजवळ हायवाचा वेग कमी ठेवला तर निम्मी धूळ उठतच नाही असा माझा अनुभव आहे, आणि त्याला काहीच खर्च नाही.

एक गोष्ट मात्र जपायची. टँकरचं पाणी कुठून भरलं जातं यावर गावाने नजर ठेवावी. कंपनी एखाद्या शेतकऱ्याला पैसे देऊन त्याच्या विहिरीवरून पाणी उचलते. ती विहीर गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीशेजारी असली की एप्रिलमध्ये गावाच्या नळाला हवा येते. शेतकऱ्यालाही दोष देता येत नाही, त्याला रोख पैसे मिळतात. हे ग्रामसभेतच ठरवायचं, पाणी कोणत्या बाजूने उचलायचं आणि कोणत्या बाजूने नाही.

रात्रीच्या कामाचा प्रश्न सगळ्यात अवघड, त्यावर मला मनापासून लिहायचं आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. २०१० च्या दुरुस्तीत आवाज करणारी बांधकामाची यंत्रं निवासी भागात रात्री चालवायला मनाई केली आहे. आता आपल्याकडची अडचण बघा. मे महिन्यात दुपारी चाळिशीच्या पार उन्हात टाकलेलं काँक्रीट तडकतं, मजुरांनाही ऊन लागतं. म्हणून सगळे इंजिनिअर काम रात्रीवर ढकलतात, आणि त्यांचंही चुकीचं नाही. पण त्याच दिवसांत आपलं सगळं गाव धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, नाहीतर अंगणात खाटा टाकून झोपलेलं असतं. मधे भिंत नाही, खिडकी नाही. हायवा मागे घेताना वाजणारा तो पीं-पीं आवाज थेट उशाशी. माझी मावशी अशा एका रस्त्याच्या कडेला राहते. त्या उन्हाळ्यात ती खाट घेऊन आत गेली, पत्र्याखाली, आणि रात्रभर पदराने वारा घालत बसली. सत्तरीच्या बाईला ते कसं झेपावं?

यातून मार्ग निघतो. गावठाणातला पट्टा थंडीत करून घ्यायचा, डिसेंबर ते फेब्रुवारी, दिवसाउजेडी. मे महिन्यातलं रात्रीचं काम शेतांच्या पट्ट्यात न्यायचं. हा बदल कागदावर एका दुपारचा आहे. दुसरं म्हणजे गाडीला मागे यावंच लागणार नाही असा फेरा आखायचा, एका तोंडाने आत, दुसऱ्या तोंडाने बाहेर. पीं-पीं बंदच होते, आणि मागे येणाऱ्या गाडीखाली कोणी सापडायची भीतीही जाते.

ऑफिसात जे वेळापत्रक बनतं त्यात रविवार आणि राष्ट्रीय सुट्ट्या असतात. आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, नसते. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधलेले, गौराई बसलेली, आणि नेमकी तेव्हा गल्ली खोदलेली. कानबाई उठते, म्हणजे देवीचं विसर्जन असतं, तेव्हा मिरवणूक नदीवर कोणत्या वाटेने जाते, पोळ्याला बैल कुठून निघतात, बाजार कोणत्या वारी, दहावीचे पेपर कधी, लग्नाच्या तिथी कोणत्या, हे सगळं गावातला कोणीही अर्ध्या तासात सांगू शकतो. कामाच्या पहिल्या बैठकीत ही यादी साहेबाच्या हातात द्या. मी पाहिलेल्या साहेबांपैकी बहुतेकांनी ती मानली. त्यांना फक्त कोणी सांगितलेलंच नसतं.

चरावर टाकायच्या लोखंडी प्लेटबद्दल दोन शब्द. प्लेट गुळगुळीत असली की बैलाचा पाय घसरतो, बैल अडतो आणि परत त्या वाटेने जातच नाही. वरून सळईचे तुकडे आडवे वेल्डिंग करून घ्यायचे. १०८ ची गाडी निघेल एवढी वाट कायम मोकळी, हे तर सांगायलाच नको. रस्त्याच्या कामावर फलक, दिवे, बॅरिकेड कसे असावेत याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं एसपी ५५ नावाचं पुस्तकच आहे. फलकावर नंबर असतो, तो मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या शहरातल्या ऑफिसचा. गावाने साइटवरच्या अशा माणसाचा नंबर मागावा जो स्वतःच्या शब्दावर हायवा थांबवू शकतो. आणि उद्या कोणत्या गल्लीसमोर किती ते किती काम आहे, हे आदल्या संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि दवंडीनेही. म्हाताऱ्यांकडे व्हॉट्सअॅप नसतं.

धुळे-शिरपूरच्या बाजूच्या लोकांनी आत्ताच करायचं काम एक आहे. मातीच्या भिंतींच्या, धाब्याच्या घरांना व्हायब्रेटर रोलरने तडे जातात. घरांजवळ रोलर कंपन बंद करून चालवता येतो, फेऱ्या जास्त लागतात एवढंच. ते सांगून ठेवा. पण तडा गेलाच तर कंपनी म्हणणार, आधीचाच होता. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक घराच्या भिंतींचे, विहिरीच्या कठड्याचे, पाइपाच्या जागांचे तारखेसकट फोटो काढा, ग्रामपंचायतीच्या आवक रजिस्टरला नोंदवून एक प्रत तिथे द्या आणि एक कंपनीच्या साइट ऑफिसला पोच घेऊन. फोटो कसे काढायचे, काय काय लिहायचं, यात कोणाला अडचण आली तर मला विचारा. शिरपूरकडे माझं येणं-जाणं असतंच, एखाद्या गावात बसून करून दाखवायलाही मी तयार आहे.