गडचिरोलीचे शोधनिबंध आणि सायटेशनची मोजणी

पदोन्नतीचे अर्ज भरण्याचे दिवस आले की आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात डॉक्टरांची ये-जा वाढते. कुणाला आपल्या शोधनिबंधांची यादी हवी असते, कुणाला सायटेशनचा, म्हणजे इतरांनी त्या निबंधांचा किती वेळा संदर्भ घेतला त्याचा आकडा, तर कुणाला एच-इंडेक्स. ग्रंथपाल म्हणून हे आकडे मी काढून देतो. ते काढणे सोपे असते. मात्र ते वाचताना पुष्कळ काही सुटते, आणि विदर्भाच्या खेड्यांत काम करणाऱ्या संशोधकांच्या बाबतीत तर अधिकच सुटते.

एच-इंडेक्सची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली. ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी किमान दहा वेळा संदर्भ घेतला गेला, त्याचा इंडेक्स किमान दहा. या हिशेबात पाचच निबंध लिहिणाऱ्याचा इंडेक्स पाचाच्या वर कधीही जाऊ शकत नाही, मग त्या पाचांनी जगभरच्या उपचारपद्धती बदलल्या तरीही. शिवाय संदर्भ मोजणाऱ्या डेटाबेसांपैकी गूगल स्कॉलर प्रबंध आणि अहवालांतले संदर्भही धरते, स्कोपस मुख्यतः आपण निवडलेल्या नियतकालिकांतले व ग्रंथांतलेच धरते, त्यामुळे एकाच व्यक्तीचे दोन आकडे निघतात. म्हणून आकड्याशेजारी तो कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला हे लिहिल्याशिवाय मी कागद देत नाही.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचे गडचिरोलीतील काम या संदर्भात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधात दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. आपल्याकडच्या बाया ‘अंगावर काढतात’ हे सगळ्यांना ठाऊक होते. किती जणी आणि काय काय अंगावर काढतात, हे त्या दोन गावांमुळे जगाला कळले. त्यानंतर १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याच्या प्रयोगाचा निबंध आला. ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी बाळांची देखभाल केली, ४७ गावे तुलनेसाठी होती, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेने ६२ टक्क्यांनी घटले.

या निबंधाला इतर संशोधकांनी दिलेले संदर्भ डेटाबेसमध्ये दिसतात. परंतु २०११ पासून देशभरातील आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, बाळाचे वजन व तापमान पाहतात, धोक्याची लक्षणे दिसली तर दवाखान्यात पाठवतात. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवसाचीही भेट असते. या कार्यक्रमामागे गडचिरोलीचा अनुभव आहे, आणि आशाताईने भरलेला एकही अर्ज सायटेशन म्हणून मोजला जात नाही. माझ्या मते संशोधनाचा याहून मोठा प्रभाव असू शकत नाही.

मराठीत लिहिलेल्या संशोधनाची स्थिती आणखी बिकट आहे. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मराठीत प्रसिद्ध झाला. सरकारी नोंदींपेक्षा महाराष्ट्रातील बालमृत्यू प्रत्यक्षात कितीतरी अधिक आहेत, हे त्याने दाखवले, आणि पुढे राज्य सरकारला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. स्कोपसमध्ये तो शोधून उपयोग नाही.

लेखकांच्या क्रमाचाही प्रश्न आहे. २०१५ मध्ये तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने पदोन्नतीसाठी पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय देण्याचे स्पष्ट केले होते. नियम नंतर बदलले. गावोगाव फिरून माहिती गोळा करणाऱ्या अभ्यासात मात्र तिसऱ्या किंवा सहाव्या नावामागेही वर्षभराची पायपीट असते.

निबंधांची संख्या निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. जे छापून आले नाही ते इतरांना तपासता येत नाही. परंतु आकड्यांसोबत आणखी एक पान जोडावे, असा आग्रह मी आता प्रत्येक डॉक्टरांकडे धरतो. आपल्या कामाचा उल्लेख कोणत्या शासन निर्णयात, कोणत्या मार्गदर्शक सूचनेत, कोणत्या प्रशिक्षण पुस्तिकेत झाला, ते त्या पानावर असावे. ही शोधाशोध वेळखाऊ आहे, पण ग्रंथालयाने करण्याजोगी आहे. तेवढ्यासाठी अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात न येता महिनाभर आधी यावे.